पालेर्मोच्या ताटातली सोंगं

सिसिली बेटावर बेक्काफिको नावाचा चिमणीएवढा पक्षी येतो. अंजिरं पिकली की त्यांच्यावर ताव मारून तो गलेलठ्ठ होतो. एके काळी पालेर्मो शहरातले सरदार हे पक्षी टिपून आणत आणि त्यांचे खानसामे ते भाजून अख्खेच्या अख्खे ताटात मांडत. गरिबाकडे ना बंदूक, ना शिकारीचं रान. त्याने बाजारातली सगळ्यांत स्वस्त मासळी उचलली, सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातली. डोकं आणि काटा काढून तिच्यात पावाचा चुरा, बेदाणे, चिलगोजे आणि पार्सली भरली, गुंडाळी केली आणि शेपटी वर राहील अशा बेताने ती तमालपत्रं लावून भट्टीत ठेवली. पक्ष्यासारखं दिसावं, एवढ्यासाठीच ती शेपटी वर. ‘सार्दे आ बेक्काफिको’ हा पदार्थ आज पालेर्मोच्या बहुतेक जुन्या वळणाच्या खानावळींत मिळतो. मूळ पक्षी मारायला आता कायद्याने बंदी आहे. म्हणजे अस्सल गेलं आणि सोंग तेवढं राहिलं.

पालेर्मोत कुठे काय खावं याच्या याद्या हव्या तेवढ्या सापडतात. पण या शहराच्या खाण्याचं गमक त्या याद्यांत नाही. वाड्यांच्या मुदपाकखान्यात जे शिजलं, त्याचं गल्लीतल्या माणसाने आपल्या ऐपतीत सोंग वठवलं, आणि ते इतकं चोख वठवलं की पुढे तेच शहराचं खाणं ठरलं. हे एकदा ध्यानात आलं की बाजारातल्या गाडीपासून मठातल्या मिठाईपर्यंत सगळ्याची संगती लागते.

वाडे आणि गल्ल्या

पालेर्मो फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलं. इसवी सन 831 मध्ये ते अरबांनी जिंकलं आणि सिसिलीची राजधानी केलं. 1072 मध्ये नॉर्मन आले, पण अरबांची शेती, पाटबंधारे आणि कारागीर त्यांनी टिकवले. लिंबू, नारिंग, ऊस ही सगळी अरब काळातली देणगी. नॉर्मन राजा रॉजर दुसरा याच्या पदरी असलेल्या अल्-इद्रीसी या भूगोलतज्ज्ञाने 1154 मध्ये लिहून ठेवलं आहे की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात पिठाच्या शेवया मोठ्या प्रमाणावर बनतात आणि जहाजांतून दूरदूर जातात. वाळवलेल्या पास्त्याच्या व्यापाराच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. त्या काळातले अरब-नॉर्मन राजवाडे आणि चर्च 2015 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

पुढे स्पॅनिश अंमलात सिसिलीचे जमीनदार आपली गावं कारभाऱ्यांच्या हवाली करून राजधानीत येऊन राहू लागले. वाडे उभे राहिले, मेजवान्यांची चढाओढ सुरू झाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नेपल्सची राणी मारिया कारोलिना हिच्या दरबारी फ्रेंच स्वयंपाक्यांचं प्रस्थ वाढलं. नेपोलियनच्या धास्तीने दरबार पालेर्मोला पळून आला आणि सिसिलीतल्या बड्या घरांनाही फ्रेंच वळणाचा खानसामा असणं प्रतिष्ठेचं वाटू लागलं. या खानसाम्यांना ‘मोंसू’ म्हणत. जुझेप्पे तोमासी दी लाम्पेदूसा या पालेर्मोच्याच लेखकाच्या ‘इल गात्तोपार्दो’ या 1958 साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत मॅकरोनी भरलेल्या एका भल्यामोठ्या पायचं वर्णन आहे, ते याच स्वयंपाकाचं. आज रविवारी पालेर्मोतल्या घरांत ‘आनेल्लेत्ती’ म्हणजे बारीक कड्यांचा पास्ता खिमा, मटार आणि चीज घालून भट्टीत भाजतात. वाड्यातला पाय घरात शिरला तो असा, महागडं बाहेरचं कवच तिथेच सोडून.

बाकीची सोंगं याहून धीट आहेत. कापोनाता घ्या. तळलेली वांगी, सेलरी, ऑलिव्ह, केपर आणि टोमॅटो यांना व्हिनेगर आणि साखरेने आंबटगोड करायचं आणि गार झाल्यावर खायचं. श्रीमंतांच्या घरी अशा आंबटगोड रसात ‘कापोने’ नावाचा मासा असे आणि गरिबांनी माशाच्या जागी वांगं घातलं, असं परंपरा सांगते. लाल भोपळ्याचे काप तळून त्यावर लसूण, पुदिना, साखर, व्हिनेगर घालतात. या पदार्थाचं नाव ‘सात तोट्यांची कलेजी’. सात तोट्यांच्या कारंज्यापाशी राहणाऱ्या लोकांना खरी कलेजी परवडत नव्हती, म्हणून भोपळ्याची. लांबट वांग्याला देठ शाबूत ठेवून उभ्या चिरा देतात आणि ते तळतात. चिरा पिसांसारख्या फुलतात. त्याला म्हणायचं लावा पक्षी! पास्त्यावर किसलेल्या चीजऐवजी तव्यावर परतलेला पावाचा चुरा भुरभुरतात. सार्डिन, रानबडीशेपेचा पाला, बेदाणे, चिलगोजे आणि केशर घातलेला ‘पास्ता कॉन ले सार्दे’ हा इथला मानाचा पदार्थ. पण सार्डिनलाही पैसे नसतील तर बाकी सगळं घालून मासा तेवढा वगळायचा आणि म्हणायचं, ‘सार्डिन अजून समुद्रातच आहेत.’

हे पदार्थ खायचे तर मोठ्या हॉटेलांच्या वाटेला जाऊ नये. तेआत्रो मास्सिमो या 1897 मध्ये सुरू झालेल्या प्रचंड ऑपेरागृहापासून पायी अंतरावर, वीया वेनेत्सियावर ‘फेर्रो दी कावाल्लो’ नावाची जुनी, स्वस्त आणि गजबजलेली खानावळ आहे. तिथे कापोनाता, सार्डिन, पास्ता असं सगळं साधेपणाने वाढतात. अशा खानावळीला ‘त्रात्तोरिया’ म्हणतात. बिलात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी छोटी रक्कम दिसली तर दचकू नये. ती पाव आणि मांडणीचा आकार असते.

बाजार: काय पाहावं, काय खावं

जुन्या शहरात दोन सरळ रस्ते एकमेकांना छेदतात, तो चौक म्हणजे क्वात्रो कांती. या चौकाभोवती तीन ऐतिहासिक बाजार आहेत. बाल्लारो आजही खऱ्या अर्थाने भाजीमंडई आणि मासळीबाजार आहे. कापो ऑपेरागृहाच्या मागे आहे. तिसरा वुच्चिरिया. चित्रकार रेनातो गुत्तुसो याने 1974 मध्ये ‘ला वुच्चिरिया’ या नावाचं मोठं चित्र रंगवलं. त्यात मासे, मांस, फळं आणि माणसं यांची इतकी दाटी आहे की पाय ठेवायला जागा दिसत नाही. त्या चित्रातला बाजार आता फारसा उरलेला नाही. आजची वुच्चिरिया दिवसा सुस्त असते आणि रात्री दारू-गप्पांसाठी जागी होते.

बाजारात पहिली गाठ पडते ती ‘पानेल्ले’शी. मोठ्या पातेल्यात चण्याचं पीठ, पाणी आणि मीठ एकत्र करून सतत ढवळत शिजवतात. गोळा पातेल्याच्या कडा सोडू लागला की त्यात चिरलेली पार्सली घालतात, गरम असतानाच तो पातळ थापतात आणि गार झाल्यावर त्याचे तुकडे पाडतात. इथपर्यंत मराठी सुगरण म्हणेल, ही तर आमची पाटवडी. पण पुढे पालेर्मोकर हे तुकडे भरपूर तेलात तळतो, तीळ लावलेल्या मऊ पावात चार-पाच कोंबतो आणि वर लिंबू पिळतो. फोडणी नाही, मिरची नाही, तरी कुरकुरीत कडा आणि आतला मऊ गर यांवर घास पुढे जातो. पूर्वी पानेल्लेला माशाचा आकार देण्याची चाल होती. ज्याला मासा घेणं जमत नसे त्याने बेसनाचा मासा खायचा! पानेल्लेसोबत बटाट्याचे लांबट क्रोके मिळतात, त्यात पार्सली किंवा पुदिना असतो. दोन्ही एकाच पावात मागितलं तरी कुणी नवल करत नाही.

दुसरा पदार्थ प्रत्येकाला झेपेलच असं नाही. ‘पानी का मेउसा’ म्हणजे वासराची प्लीहा आणि फुफ्फुस भरलेला पाव. गोमांस वर्ज्य असणाऱ्यांनी तो लांबूनच पाहावा, पण पाहावा जरूर. विक्रेत्यासमोर एका बाजूला कललेली मोठी कढई असते. वरच्या कोरड्या बाजूला आधीच उकडून कापलेले पातळ काप रचलेले, खालच्या बाजूला वितळलेली डुकराची चरबी. गिऱ्हाईक आलं की तो मूठभर काप चरबीत लोटतो, क्षणभर परततो, काट्याने उचलून कडेवर दाबून निथळवतो आणि गोल पावात भरतो. मग एकच प्रश्न: ‘स्किएत्ता’ की ‘मारिताता’? म्हणजे कुवार की लग्नाची? कुवार म्हणजे नुसतं लिंबू पिळलेली, लग्नाची म्हणजे वर रिकोटा आणि किसलेलं काचोकावाल्लो चीज घातलेली. या पदार्थाचं मूळ शहरातल्या ज्यू खाटकांपर्यंत नेतात. धर्मानुसार त्यांना जनावर कापण्याची मजुरी पैशात घेता येत नसे, म्हणून आतडी-काळीज त्यांच्या वाट्याला येई आणि ते शिजवून ख्रिस्ती लोकांना विकलं जाई, असं सांगतात. 1492 च्या स्पॅनिश फर्मानाने ज्यूंना सिसिली सोडावी लागली. धंदा इतरांनी उचलला. ‘काला’ या जुन्या बंदराजवळचं ‘पोर्ता कार्बोने’ आणि सान फ्रांचेस्को चर्चसमोरचं, 1834 पासून चालू असलेलं ‘आंतिका फोकाच्चेरिया सान फ्रांचेस्को’ ही यासाठी प्रसिद्ध ठिकाणं.

आणखी दोन गोष्टी बाजारातच दिसतात. ‘फ्रित्तोला’ विकणाऱ्याची टोपली कापडाने झाकलेली असते. तो कापडाखाली हात घालून हाडांवरून खरवडलेल्या मांसाचे परतलेले तुकडे काढून देतो. आत काय आहे ते गिऱ्हाइकाने पाहायचं नाही, विश्वासाने खायचं. आणि ‘स्फिन्चोने’, म्हणजे कांदा, टोमॅटो, अँकोव्ही मासा, चीज आणि पावाचा चुरा घातलेला जाड, लुसलुशीत पाव. तो तीनचाकी गाडीवर येतो. ही गाडी पियाजियोची ‘आपे’, जिचे भारतीय अवतार बारामतीच्या कारखान्यातून बाहेर पडतात. फरक इतकाच की पालेर्मोत तिच्या पाठीवर काचेचं कपाट असतं आणि टपावर कर्णा.

भाताचं नारिंग

तळणीतला सर्वांत लाडका पदार्थ ‘आरांचिना’. केशर घातलेला भात, पोटात खिम्याचा रस्सा किंवा लोणी-हॅम-चीज, वर पावाचा चुरा, आणि मुठीपेक्षा मोठा गोळा करून तळलेला. नारिंगाचा आकार, नारिंगाचा रंग. बेटाच्या पलीकडच्या कातानियात त्याला टोकदार शंकूचा आकार देतात आणि यावरून दोन्ही शहरांत कायम जुंपलेली असते. 13 डिसेंबरला, म्हणजे संत लुचियाच्या दिवशी, पालेर्मोत आरांचिनांचा महापूर येतो. त्या दिवशी पाव आणि पास्ता खायचा नाही असा नेम आहे. लोककथा अशी की 1646 च्या दुष्काळात नेमक्या या दिवशी गव्हाचं जहाज बंदराला लागलं आणि भुकेल्या लोकांनी गहू दळण्याइतकाही धीर न धरता तो तसाच उकडून खाल्ला. त्या गव्हाची आठवण ‘कुच्चिया’ या खिरीत राहिली. उकडलेला गहू, रिकोटा किंवा क्रीम, साखर आणि साखरेत मुरवलेली फळं. एक मोठी आरांचिना दोघांना पुरते. रेल्वे स्थानकाजवळच्या वीया लिंकनवरच्या ‘बार तूरिंग’मध्ये जी मिळते, तिला ‘बॉम्बा’ हेच नाव आहे.

मठातली मिठाई

आतापर्यंतची सोंगं गरिबीची होती. मठातल्या जोगिणींनी तीच कला श्रीमंतीत नेली. बड्या घरांतल्या मुलींना हुंडा वाचवण्यासाठी मठात धाडलं जाई. त्यांच्या हाती वेळ होता, बदाम होते, साखर होती. मार्तोराना मठातल्या जोगिणींविषयी अशी दंतकथा आहे की पाहुणा म्हणून येणाऱ्या बड्या धर्मगुरूला बागेतली झाडं उघडी दिसू नयेत म्हणून त्यांनी बदाम-साखरेच्या लगद्याची फळं करून ती फांद्यांना टांगली. ‘फ्रुत्ता मार्तोराना’ आजही त्याच नावाने विकली जाते. अंजीर, लिंबू, डाळिंब, देठाशी हिरवट छटा, सालीवर डाग, सगळं हुबेहूब. 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवशी ही फळं आणि साखरेचे रंगीत योद्धे मुलांना भेट देतात. घरातल्या गेलेल्या माणसांनीच ती रात्री आणून ठेवली, असं मुलांना सांगायचं.

मार्तोराना चर्चच्या चौकातच सांता कातेरिनाचा मठ आहे. शेवटच्या जोगिणी तिथून 2014 मध्ये गेल्या. 2017 पासून मठात ‘इ सेग्रेती देल किओस्त्रो’ हे दुकान चालतं. शहरातल्या निरनिराळ्या मठांच्या जुन्या कृतींवरून इथे मिठाई करतात. खिडकीतून बशी घ्यायची आणि नारिंगांच्या झाडांखाली अंगणात बसून खायची. कान्नोली, म्हणजे रिकोटा भरलेली नळी, घ्यायची तर आयत्या वेळी भरून देतात ना, हे पाहावं. आधीच भरून ठेवलेली नळी रिकोट्याच्या ओलाव्याने मऊ पडते. कास्साता हा रिकोटा, केक, हिरवं बदामी आवरण आणि मुरलेली फळं यांचा ईस्टरचा थाट. अतिगोड वाटतो, पण छोटा तुकडा खाल्ल्याशिवाय पालेर्मो सोडू नये.

उन्हाळ्यात ‘जेलो दी मेल्लोने’ मागावा. कलिंगडाचा रस स्टार्च घालून घट्ट करायचा, दालचिनी आणि मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास द्यायचा, वर चॉकलेटचे बारीक तुकडे पेरायचे. ते तुकडे म्हणजे कलिंगडाच्या बिया! जुलैच्या 14 तारखेला रात्री शहराची संरक्षक संत रोसालिया हिचा उत्सव असतो. 1624 च्या प्लेगातून तिने शहर वाचवलं अशी श्रद्धा आहे. त्या रात्री लोक रस्त्यावर लसूण घातलेल्या गोगलगायी, कलिंगड आणि स्फिन्चोने खातात.

काय प्यावं

सकाळची कॉफी उभ्याने, काउंटरवर. बसून प्यायली की बहुतेक ठिकाणी दर वाढतो. उन्हाळ्यात नाश्त्याला ग्रानिता किंवा आइस्क्रीम, आणि सोबत डोक्यावर अंबाडा असलेला गोल ब्रिओश पाव. ही चैन नव्हे, रोजचा रिवाज आहे.

तहानेला ‘आक्वा ए झाम्मू’. थंड पाण्यात बडीशेपेच्या जातीच्या अनीसचा अर्क चार थेंब टाकला की पाणी दुधाळ होतं. तूतोने हे घराणं 1813 पासून हा अर्क बनवतं.

वाइनमध्ये पांढरी ग्रिल्लो किंवा कातार्रात्तो मासळीबरोबर, तांबडी नेरो दाव्होला मांसाबरोबर. आणि मार्साला? तिचा जन्मच सोंगातला. 1773 मध्ये जॉन वुडहाउस हा इंग्रज व्यापारी सिसिलीच्या पश्चिम टोकाला मार्साला बंदरात आला. तिथली वाइन त्याला इंग्लंडमध्ये खपणाऱ्या मदेरासारखी वाटली. सफरीत ती टिकावी म्हणून त्याने तिच्यात मद्यार्क मिसळला आणि पिंपं मायदेशी धाडली. माल खपला. 1833 मध्ये विन्चेन्त्सो फ्लोरियो याने तिथे स्वतःचा कारखाना काढला आणि इंग्रजांच्या मक्तेदारीला तडा गेला. वुच्चिरियातल्या ‘ताव्हेर्ना आद्झुर्रा’ या जुन्या गुत्त्यात संध्याकाळी ‘सांग्वे’, म्हणजे ‘रक्त’ या नावाची गडद, गोड वाइन छोट्या पेल्यातून देतात. पेला हातात घेऊन बाहेर रस्त्यावरच उभं राहायचं.

दारावरची पाटी

पालेर्मोत कुठे खावं याला एक नैतिक बाजूही आहे. इथल्या दुकानदारांकडून माफिया ‘पित्सो’ म्हणजे खंडणी उकळत आली. कपड्यांचे कारखानदार लिबेरो ग्रास्सी यांनी 1991 मध्ये वर्तमानपत्रातून जाहीर नकार दिला. त्याच वर्षी 29 ऑगस्टला त्यांचा खून झाला. 2004 मध्ये काही तरुणांनी रातोरात शहरभर पत्रकं चिकटवली, की खंडणी देणारी जनता ही स्वाभिमान नसलेली जनता. त्यातून ‘आद्दिओपित्सो’ ही चळवळ उभी राहिली. खंडणी न देणारी दुकानं आणि खानावळी तिची पाटी दारावर लावतात. वर उल्लेख आला त्या फोकाच्चेरियाच्या मालकाने खंडणी नाकारली आणि भर न्यायालयात आरोपींकडे बोट दाखवलं. त्यानंतर त्याला पोलिस संरक्षणात राहावं लागलं. पाटी पाहून आत शिरणं ही प्रवाशाला सहज जमणारी गोष्ट आहे.

शाकाहारी वाचकांनी हिरमुसू नये, फक्त चौकशी करावी. पानेल्ले आणि भोपळ्याची कलेजी निर्धोक आहेत. मात्र तळणीच्या तेलात आणखी काय तळलं आहे ते विचारावं. आरांचिना पालक-चीजची मिळते. स्फिन्चोनेत दिसत नसला तरी अँकोव्ही मासा असतो आणि कान्नोलीच्या नळीच्या पिठात अनेकदा डुकराची चरबी घालतात.

हल्ली वीया माक्वेदा हा मुख्य रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी राखल्यापासून तिथे तळणीच्या दुकानांची रांग लागली आहे. काचेआड गार पडलेल्या, मागितल्यावर मायक्रोवेव्हमध्ये गरम करून दिल्या जाणाऱ्या आरांचिनाही त्यांत आल्या. हेही सोंगच, पण जुन्या सोंगामागे गरज होती आणि हात होता, यात दोन्ही नाही. फरक ओळखणं अवघड नाही. जिथे पातेलं समोर उकळतं आहे, विकायला दोनच जिन्नस आहेत आणि दुपारी दोनच्या सुमारास ते संपतात, तिथे रांग कितीही लांब असली तरी उभं राहावं. बाजारात मात्र सकाळीच जावं. दुपारनंतर माल उतरतो आणि रविवारी तर बरीच दुकानं दुपारनंतर उघडतच नाहीत.